रांजण कोणी आणला, बियाणे कोणी आणले?

१. मग बायका कुठे होत्या?

बोर्निओ बेटाच्या वायव्य अंगाला सारवाक नावाचे राज्य आहे. आज ते मलेशियाचा भाग असून तेथील सर्वांत मोठा समाज इबानांचा आहे. दर दहा माणसांत सुमारे तीन इबान, असे त्यांचे प्रमाण पडते. या लोकांविषयी ज्याने थोडेबहुत वाचले आहे तो दोन गोष्टी हमखास सांगतो. पहिली अशी, की एके काळी हे लोक शत्रूची मुंडकी कापून आणीत. आणि दुसरी अशी, की त्यांच्यातील तरुण वयात येताच घर सोडून परमुलखात जात, वर्ष-दोन वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, मिळेल ते काम करीत हिंडत, आणि परतताना चिनी रांजण, पितळी घंटा व अंगावर गोंदण घेऊन येत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्या ऐकून झाल्यावर ऐकणारा, आणि त्यातही ऐकणारी, जो प्रश्न विचारते तो बहुतेक पुस्तकांत शेवटच्या पानांवर ढकललेला असतो : हे सगळे पुरुष बाहेर असताना बायका कुठे होत्या, आणि त्यांनी कधी उंबरा ओलांडलाच नाही काय?

या प्रश्नाचे जे उत्तर सर्वसाधारणपणे दिले जाते ते फार सुबक आहे. पुरुषाने शिर आणावे आणि स्त्रीने वस्त्र विणावे. त्याने दिशा धुंडाळाव्या आणि तिने चूल राखावी. सुबक उत्तरांविषयी वाचकाने थोडे साशंक असलेले बरे. इबान स्त्रिया घराबाहेर पडत होत्या, नद्या ओलांडत होत्या, डोंगरांच्या सोंडा उतरून नव्या खोऱ्यांत वस्तीला जात होत्या. त्यांनी आणलेल्या वस्तूंची मोजदाद झाली नाही, याचे कारण त्या वस्तू पेरल्या जात, विणल्या जात, खाल्ल्या जात. रांजण मात्र भिंतीशी उभा राहून शंभर वर्षे पाहुण्यांना दिसत राही. हे नीट समजावयाचे तर आधी ज्या घरातून जावयाचे आणि ज्या घरी परतावयाचे ते घर कसले, हे पाहिले पाहिजे.

२. एक छप्पर, अनेक दारे

इबानांचे घर म्हणजे नदीकाठी लाकडी खांबांवर उचललेले, एकाच छपराखाली लांबच लांब पसरलेले घर. त्याला ते रुमाह पांजाइ म्हणतात, आपण लांबघर म्हणू. खाचा पाडलेल्या ओंडक्याच्या शिडीने वर चढले, की प्रथम लागते तांजू, म्हणजे छप्पर नसलेला उघडा माच. येथे भात, मिरी, सूत जे काही वाळवावयाचे ते वाळत असते. त्याच्या आत घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लांब ओसरी, तिचे नाव रुआइ. पाहुणे, भांडणे, न्यायनिवाडे, टोपल्या विणणे आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा, सगळे येथे. ओसरीच्या आतल्या अंगाला ओळीने दारे, आणि प्रत्येक दाराआड एकेका कुटुंबाची खोली, जिला बिलेक म्हणतात. माथ्यावर सादाउ नावाचा माळा असतो, त्यात भाताचा साठा.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा प्रकार अवाढव्य एकत्र कुटुंबाचा वाटतो. वस्तुतः तसे मुळीच नाही. प्रत्येक बिलेकची चूल वेगळी, शेत वेगळे, कोठार वेगळे, रांजण वेगळे आणि कर्जही वेगळे. ओसरी मात्र सर्वांची. म्हणून लांबघराचा आकार सांगताना लोक 'वीस दारांचे घर', 'तीस दारांचे घर' असे सांगतात. जेम्स ब्रुक या इंग्रजाने १८४१ साली सारवाकची गादी मिळविली आणि त्याच्या घराण्याने १९४६ पर्यंत तेथे राज्य केले; या गोऱ्या राजांनीही इबानांवर जी पट्टी बसविली ती दारामागे बसविली. दारपट्टीच्या खानेसुमारीत दार मोजले जाई आणि त्या दारामागचे एखादे नाव, बहुधा पुरुषाचे, दप्तरात चढे. दारामागे चार बायका असल्या, त्यांतली एक तीन नद्या ओलांडून आलेली असली आणि दुसरी लवकरच जाणार असली, तरी तो मजकूर वसुलीच्या कामाचा नसल्यामुळे कोणी लिहून ठेवला नाही.

३. पुरुषांची बेजालाई

आता बेजालाईकडे वळू. घर सोडून परमुलखाची वाट धरणे, तेथे कमाई आणि अनुभव दोन्ही मिळविणे, आणि यथावकाश परतणे, या सबंध प्रकाराला इबान लोक बेजालाई म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर समुद्राखालून तारा टाकण्याचे काम सुरू झाले. त्या तारांवर आवरण चढविण्यास गट्टापर्चा नावाचा वृक्षचीक लागे, आणि तो गोळा करण्यासाठी इबान तरुणांच्या टोळ्या बोर्निओच्या अरण्यांतून दूरवर जाऊ लागल्या. वेत, राळ, कापूर यांचेही तसेच. पुढे १९१० साली मिरी येथे तेलाची पहिली विहीर लागली, तेव्हा ते तेलाच्या कामावर गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर साबामधील लाकूडतोडीच्या तळांवर, ब्रुनेईत आणि सिंगापुरात गेले. मलायात साम्यवादी बंडखोरांविरुद्ध १९४८ पासून जी मोहीम चालली तीत इंग्रज पलटणींना जंगलात माग काढून देण्याच्या नोकरीवरही गेले.

परतणाऱ्याची प्रतिष्ठा त्याने आणलेल्या वस्तूंवरून ठरे. त्यांत ताजाउ, म्हणजे चकचकीत लुकण दिलेला आणि अंगावर बहुधा नाग-मकरांची नक्षी असलेला चिनी रांजण, सर्वांत मोलाचा. रांजणांच्या जाती होत्या, त्यांना नावे होती, आणि दंड, भरपाई, वाटणी यांच्या व्यवहारात त्यांची किंमत चलनासारखी धरली जाई. खांद्यावर वांग्याच्या फुलाचे गोंदण, ज्याला बुंगाइ तेरुंग म्हणतात, ते तरुणाने जग पाहिल्याची खूण. हा भाग सर्वांना माहीत असल्यामुळे येथे यापेक्षा अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात ठेवावे, की पुरुष वर्षभर बाहेर राहू शकत असे तो मागे राहिलेले शेत कोणी तरी पेरीत, खुरपीत आणि कापीत असे म्हणून. डोंगरउतारावरील जंगल तोडून, जाळून, त्या राखेत केलेले हे भातशेत. तोडणे पुरुषांचे, आणि पेरणीच्या दिवशी टोकदार काठ्यांनी भोके पाडीत पुढे चालणेही पुरुषांचे. त्यांच्या मागून बिया टाकीत येणाऱ्या रांगा बायकांच्या, आणि पुढचे महिनोगणती खुरपणे बहुतांशी त्यांचेच.

४. लग्न होऊन कोण कुठे जाते?

आपल्याकडे मुलगी सासरी जाते हे इतके गृहीत धरलेले आहे, की दुसरी काही रीत असू शकेल हे सांगितल्यावरही मन पुनःपुन्हा जुन्या जागी येते. म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

डेरेक फ्रीमन नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९४९ ते १९५१ या काळात बालेह नदीवरील इबानांत राहून त्यांच्या शेतीची आणि कुटुंबाची तपशीलवार पाहणी केली. तीत त्याला असे आढळले, की लग्न झालेले जोडपे नवऱ्याच्या बिलेकमध्ये राहील की बायकोच्या, याविषयी ठरीव नियम नाही. जवळजवळ निम्मी जोडपी इकडे आणि निम्मी तिकडे राहतात. ज्या बिलेकमध्ये कामाचे हात कमी, किंवा ज्या म्हाताऱ्यांजवळ दुसरे कोणी नाही, तिकडे जोडपे जाते. जो राहतो, मुलगा असो की मुलगी, तो त्या बिलेकच्या मालमत्तेचा पूर्ण वारस. जो लग्न होऊन दुसरीकडे जातो तो आपला तेथील हक्क सोडतो आणि नव्या ठिकाणी तेवढाच हक्क मिळवितो. दत्तकालाही सख्ख्याइतकाच हिस्सा.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बिलेकमध्ये तीन मुले आहेत : थोरली मुलगी, मधला मुलगा, धाकटी मुलगी. थोरलीचा नवरा लग्न करून याच बिलेकमध्ये आला. मधला शेजारच्या नदीवरील एका बिलेकमध्ये जावई म्हणून गेला. तो येथून गेला आणि तेथला झाला. धाकटीचे लग्न झाले आणि तीही नवऱ्यासह काही वर्षे येथेच राहिली. आता एका चुलीवर दोन संसार आले, आणि आज ना उद्या दोघी बहिणींत कुरबूर होणार, हे सांगावयास मानवशास्त्रज्ञ लागत नाही. धाकटीने वेगळे दार करावयाचे ठरविले, की रांजण, घंटा, भात या सर्वांत तिचा बरोबरीचा हिस्सा निघतो, आणि लांबघराच्या टोकाला नवी खोली जोडून, किंवा वेगळ्या लांबघरात जाऊन, ती आपली चूल मांडते. आई-बापांचे मूळ बिलेक थोरलीकडे चालू राहते. या हिशेबात कोठेही 'पुरुष म्हणून' किंवा 'बाई म्हणून' असा रकाना नाही.

याचा एक परिणाम असा, की इबान वंशावळ्या, ज्यांना तुसुत म्हणतात आणि ज्या जाणते लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ सांगत आले, त्यांत पूर्वज म्हणून स्त्रियांची नावे पुरुषांच्या बरोबरीने येतात. सारवाकच्या संग्रहालयाचे पुढे प्रमुख झालेले बेनेडिक्ट सांदिन हे स्वतः इबान होते. त्यांनी अशा वंशावळ्या मोठ्या कष्टाने जमवून इबानांच्या स्थलांतराचा इतिहास मांडला. आजच्या इंडोनेशियातील कापुआस नदीच्या खोऱ्यातून पाणलोट ओलांडून बातांग लुपार, तेथून सारिबास व स्क्रांग, आणि एकोणिसाव्या शतकात राजांग, अशी ही वाट आहे. ती मोहिमेवरच्या फौजेची वाट नव्हे. जंगल तोडून पिके घ्यावयाची, जमीन दमली की पुढे सरकावयाचे, या क्रमाने म्हातारी, लेकरे, डुकरे, कोंबड्या आणि कोठारासह कुटुंबेच्या कुटुंबे हलली. आणि बेजालाईला गेलेला कोणताही तरुण जितका मुलूख चालला नसेल तितका त्याची पणजी लेकरू पाठीशी बांधून चालली होती.

५. पादी पुन : जे विकत मिळत नाही

या प्रवासात बायकांच्या टोपल्यांत जे असे त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे भाताचे बियाणे.

इबान बिलेक एकाच जातीचे भात कधी पेरीत नाही. लवकर येणारे, उशिरा येणारे, चिकट, सुवासिक अशा कितीतरी जाती एका शेतात पट्ट्यापट्ट्यांनी असतात. या सर्वांच्या मधोमध, विधिपूर्वक, थोड्या जागेत पेरतात ते पादी पुन, म्हणजे त्या बिलेकचे मूळ भात. त्याच्या सभोवार दुसऱ्या मानाच्या जाती, त्यांना पादी सांगकिंग म्हणतात. आणि मग सामान्य जाती. पादी पुन विकावयाचे नाही, बाहेरच्याला द्यावयाचे नाही, आणि कोणत्याही वर्षी खंड पडू द्यावयाचा नाही. कारण भाताला जीव आहे, आणि घराचे भाग्य त्या जिवाशी बांधलेले आहे, अशी श्रद्धा. कापणीच्या वेळी ओंब्या हातात घेऊन, भरलेल्या आणि निरोगी तेवढ्या पुढच्या सालाच्या बियाण्यासाठी बाजूला काढणे, ते बी वेगळे वाळवणे, वेगळे साठवणे आणि कोणत्या जातीच्या पलीकडे कोणती पेरावयाची हे लक्षात ठेवणे, ही विद्या मुख्यतः बायकांची.

आता मागील उदाहरणातील धाकटी बहीण आठवावी. ती वेगळे दार करते तेव्हा पादी पुन थोरलीजवळ, मूळ बिलेकमध्ये राहते. पण धाकटीला पादी सांगकिंगपैकी एक जात मिळते, आणि तिच्या नव्या शेताच्या मधोमध पेरली जाऊन तीच तिच्या बिलेकचे पादी पुन होते. आईच्या घरी दुसऱ्या मानाचे असलेले भात लेकीच्या घरी पहिल्या मानाचे ठरते, आणि तिच्या लेकींच्या हिश्शाला पुन्हा दुसरे काही. एखाद्या खोऱ्यातील निरनिराळ्या बिलेकांची मूळ भाते कोणाची कोणापासून निघाली हे कोणी बसून लिहून काढले असते, तर त्या मुलखातील बायकांच्या हालचालींचा नकाशाच हाती आला असता. रांजणाच्या बाबतीत तो कोठून आला, कोणी आणला, किती दिवस लागले, हे कौतुकाने सांगितले जाते. भाताच्या बाबतीत ते दर वर्षी उगवते एवढ्यावरच समाधान मानले गेले.

६. बायकांची मोहीम

बायकांच्या कामाची दखल न घेण्याच्या या रीतीला एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. बायकांच्या ज्या एका उद्योगाला इबान समाजाने पुरुषांच्या शिरमोहिमेच्या तोडीचे स्थान दिले, किंबहुना ज्याला बायकांची लढाई असेच नाव दिले, तो म्हणजे पुआ कुम्बू या वस्त्राची निर्मिती. त्यातही विणण्यापेक्षा रंग चढविण्यापूर्वी सुतावर केला जाणारा संस्कार.

प्रथम तत्त्व समजून घेऊ. आपल्याकडे छापील कापडात कापड आधी विणतात आणि नक्षी मागाहून उठवितात. येथे उलट : पाटणच्या पटोळ्याचे तत्त्व आहे तेच. उभे सूत चौकटीवर ताणावयाचे, जेथे रंग लागू द्यावयाचा नाही तेवढे भाग लेम्बा नावाच्या वनस्पतीच्या पानांच्या धाग्यांनी घट्ट बांधावयाचे, मग सूत रंगात बुडवावयाचे. बांधलेले तेवढे पांढरे राहते. काही गाठी सोडून, काही नव्या बांधून दुसऱ्या रंगात बुडविले, की तीन-चार छटा मिळतात. एंगकुडू या झाडाच्या मुळांचा तांबडा, निळीचा काळसर निळा. अशी नक्षी सुतातच असते. नंतर कमरेला पट्टा बांधून बसावयाच्या साध्या मागावर ते विणतात, आणि दोन पट्टे जोडून एक पुआ होते.

अडचण तांबड्या रंगाची आहे. एंगकुडूचा रंग कापसाच्या सुताला आपण होऊन पक्का धरीत नाही. धुतला की जातो. म्हणून रंगाच्या आधी सूत तयार करावे लागते, आणि त्या संस्काराला न्गार म्हणतात. केपायांग या फळाचे तेल, मीठ, आले आणि अशीच इतर द्रव्ये कुटून, मोजून, गरम पाण्यात कालवावयाची. त्यात सुताच्या लडी बुडवून बायकांनी हातापायांनी तुडवावयाच्या. मग कित्येक दिवस त्या तांजूवर उन्हात व रात्रीच्या दवात वाळू द्यावयाच्या. प्रमाण चुकले तर महिनोगणती श्रम वाया. हे प्रमाण जिला अचूक माहीत तिला समाजात सर्वश्रेष्ठ विणकरणीचा मान, आणि पूर्वी तिच्या अंगठ्यावर त्याचे गोंदण असे. या कामाला कोंबडा कापून, नैवेद्य मांडून, विणकामाची देवता कुमांग हिला आवाहन करून आरंभ होई. देवदेवतांच्या नावाने चाललेले हे कर्म वस्तुतः अत्यंत चोख अशा रसायनविद्येचा प्रयोग होता. आणि या दोहोंपैकी एक खरे व दुसरे खोटे, असे मानण्याचे प्रस्तुत लेखकास काही कारण दिसत नाही.

येथेही प्रवास आहे, पण वेगळ्या मार्गाने. थोर नमुने स्वप्नात मिळतात अशी श्रद्धा होती. झोपेत विणकरणीचा जीव बाहेर पडतो, कुमांगच्या मुलखात जातो, तेथून नमुना पाहून येतो. शिकाऊ मुलीने साध्या नमुन्यापासून सुरुवात करावयाची आणि क्रमाक्रमाने वर चढावयाचे. मगर, नाग, मानवाकृती असे बलवान नमुने अधिकार नसताना हाती घेतले, तर बाई खंगते, तिला लायू जडते, असा धाक. आईचे नमुने मुलीकडे जात. दुसरीचा नमुना उतरावयाचा तर तिला मोबदला देऊन परवानगी घ्यावी लागे. लग्न करून दुसऱ्या नदीवर गेलेली बाई आपल्या आईचे नमुने तेथे नेई, आणि गावाइच्या, म्हणजे मोठ्या सणसोहळ्याच्या निमित्ताने पाहुणी म्हणून गेलेल्या बायकांच्या नजरा यजमानांनी टांगलेल्या पुआंवर खिळलेल्या असत. पुरुषांनी आणलेली शिरे बायका याच वस्त्रात स्वीकारीत. बाहेरच्या जगातून आलेली ती भयंकर वस्तू घराच्या आत घेण्याचे सामर्थ्य वस्त्रात होते, आणि वस्त्र त्यांचे होते.

७. मुली निघाल्या

मग बायकांनी खरोखरीची बेजालाई, म्हणजे एकटीने किंवा मैत्रिणींबरोबर, कमाईसाठी, परमुलखाची वाट, केव्हा धरली? तिची सुरुवात कारखान्यापासून झाली असे समजतात, पण ती शाळेपासून झाली असे म्हणणे अधिक योग्य. नदीकाठच्या लांबघरांतून शाळेत रोज जाणे-येणे अशक्य, म्हणून सारवाकच्या ग्रामीण भागात प्राथमिक शाळांनाही वसतिगृहे असतात. सहा-सात वर्षांची मुलगी पत्र्याची पेटी घेऊन होडीत बसते आणि आठवडा, पंधरवडा किंवा सबंध सत्र संपेपर्यंत घरी येत नाही. जिने सातव्या वर्षी हे केले, तिला विसाव्या वर्षी सिबू, कुचिंग किंवा मिरी यांसारखे शहर काही लांब वाटत नाही. मिशनच्या आणि सरकारी शाळांतून शिकलेल्या मुली प्रथम शिक्षिका व परिचारिका झाल्या. कुचिंग येथील बातू लिंतांग हे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांसाठी वापरलेले ठिकाण. तेथे १९४८ साली शिक्षकांचे महाविद्यालय निघाले आणि नदीकाठच्या मुलींनाही ती वाट उघडली. १९६३ मध्ये सारवाक मलेशियात सामील झाले, शहरे वाढली, आणि पुढील दशकांत विद्युत उपकरणांच्या कारखान्यांनी हजारो मुलींना ओढून घेतले. कुचिंगमध्ये, आणि समुद्रापलीकडे, मलाया द्वीपकल्पाच्या टोकाशी, जोहोरमध्ये. तेथे आज इबानांची मोठी वस्ती आहे, आणि काहीजणी तर रोज पहाटे सेतू ओलांडून सिंगापुरात कामाला जातात व रात्री परततात.

ढकलणाऱ्या गोष्टीही होत्या. लाकूडतोड, तेलमाडाचे मळे आणि धरणे यांनी डोंगरशेतीची जमीन आटली. बातांग आइ नदीवरचे जलविद्युत धरण १९८५ साली पूर्ण झाले, तेव्हा सुमारे तीन हजार इबानांना आपली लांबघरे सोडावी लागली. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पादी पुन एका शेतातून दुसऱ्या शेतात नेले, त्यांना पुनर्वसनाच्या जागी डोंगरभाताचे शेतच पुरेसे उरले नाही.

८. गावाइ

कोकणातील चाकरमानी गणपतीला मुंबईहून गावी परततो, तेव्हा त्याच्या ट्रंकेकडे वाडीतील सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. इबानांचा गावाइ डायाक हा सण तसाच आहे. कापणी संपल्यावरचे पूर्वीचे निरनिराळे सोहळे एकत्र आणून १९६५ पासून १ जून हा त्याचा सरकारी दिवस ठरला. मे महिन्याच्या अखेरीस जोहोरहून येणारी विमाने आणि नद्यांवरच्या होड्या भरून वाहतात. आदल्या संध्याकाळी हावरेपणाच्या भुताला घराबाहेर काढण्याचा विधी होतो : मुले एक टोपली ओसरीवरून दारोदार ओढीत नेतात, प्रत्येक दारातून मोडकी, नको असलेली वस्तू तीत टाकली जाते, आणि शेवटी ती टोपली घराबाहेर फेकून दिली जाते. मग तुआक, चिकट तांदळाची घरी आंबवलेली दारू, जी आधी काही आठवडे बायकांनी घालून ठेवलेली असते, ती फिरू लागते.

परतलेल्या मुलीच्या सामानात काय असते? भात शिजवण्याचे विजेचे भांडे, आईसाठी कपडे, लहानग्यांसाठी शाळेची दप्तरे. आणि त्याहून महत्त्वाचे असे जे सामानात दिसत नाही ते : वर्षभर पाठविलेले पैसे, ज्यांतून छपराचे पत्रे आले, शीतकपाट आले, खत आले, आणि शेतावर मजुरीने माणसे लावता आली. कधी तिच्याबरोबर परजातीचा, परधर्माचा नवरा येतो. आणि पुष्कळदा ती जे घेऊन येते ते मागे ठेवून जाते, म्हणजे तिचे मूल. ते आजीजवळ, इनीजवळ, लांबघरात वाढते. पुरुषाच्या बेजालाईत मागे राहणारी त्याची बायको होती. मुलीच्या बेजालाईत मागे राहणारी तिची आई आहे. साठी उलटलेल्या बाईने आपली शेती, नातवंडे आणि बियाणे एकटीने सांभाळावयाचे, हा या व्यवहारातील खर्चाचा आकडा आहे, आणि कौतुकाच्या भरात तो वगळता येत नाही.

विणकामाचे मात्र एक अनपेक्षित झाले. बाजारी रंग आल्यापासून एंगकुडू आणि न्गार मागे पडले होते, आणि गावाबाहेर राहणाऱ्या मुलींना मागावर बसावयास सवड नव्हती. परंतु शहरात संग्रहालये, संस्था आणि परदेशी गिऱ्हाईक यांच्याशी संबंध आल्यावर नेमका जुन्याच पद्धतीच्या पुआला भाव असल्याचे ध्यानात आले. कापित भागातील काही लांबघरांत वनस्पतीज रंगांचे काम पुन्हा जोमाने चालू झाले, आणि कुचिंग येथील तुन जुगाह प्रतिष्ठानात जुन्या पुआंचा संग्रह आणि विणकाम शिकविण्याची तजवीज आहे. कमरेच्या मागाची प्रात्यक्षिके दाखविण्यासाठी म्हाताऱ्या विणकरणी परदेशी जाऊन आल्या. ज्यांचा जीव पूर्वी झोपेत हिंडत असे, त्यांच्या नावाने आता पारपत्रे निघाली. त्यांनी परत आणल्या त्या मागण्या, लांबी-रुंदीच्या मापांसह. देवतेने स्वप्नात दिलेला नमुना अमक्या इंच रुंदीत बसवून द्यावा, ही सूचना काही विणकरणींना रुचली नाही, काहींना त्यात वावगे वाटले नाही.

९. हिस्सा कसा मोजावा?

शेवटी पुन्हा त्याच बिलेकचे उदाहरण, पण आजच्या काळातले. थोरली घरी राहिली आहे, म्हाताऱ्या आईला सांभाळते, उरलेल्या तुकड्यात पादी पुन पेरते. धाकटी या वेळी लग्न न करता जोहोरमध्ये बारा वर्षे कामाला आहे, आणि तिच्याच पैशांतून बिलेकच्या लाकडी भिंती जाऊन विटांच्या झाल्या. जुन्या रीतीप्रमाणे बेजालाईला गेलेल्याचा हक्क सुटत नाही. तो लग्न करून दुसऱ्या बिलेकचा झाला तर सुटतो. म्हणजे धाकटी अजून येथली. पण उद्या तिने जोहोरमध्येच लग्न केले आणि तेथे भाड्याच्या खोलीत संसार मांडला, तर ती कोणत्या बिलेकमध्ये गेली? तिच्या नवऱ्याचे बिलेक दुसऱ्याच नदीवर आहे आणि तेथे ती कधी राहिलेलीच नाही. विटांच्या भिंती वाटणीत धरावयाच्या की तिने आईला दिलेली भेट म्हणून सोडून द्यावयाच्या? आणि म्हाताऱ्या आईला सांभाळण्यात थोरलीची जी वर्षे गेली त्यांचा दर काय?

इबानांचे रिवाज १९९३ साली कायद्याच्या स्वरूपात लिहून काढले गेले, तरी असे तंटे आधी ओसरीवरच येतात. लांबघराचा मुखिया, तुआइ रुमाह, बैठक बोलावतो. सगळ्या दारांतील माणसे चटया टाकून बसतात, आणि अलीकडे धाकटी बहीण जोहोरहून दूरध्वनीवर हजर असते. तेथे मिटले नाही तर प्रकरण पेंगहुलू नावाच्या अनेक लांबघरांवरील अधिकाऱ्याकडे, आणि त्याच्याही वर रिवाजी न्यायालयाकडे जाते. बहुतेक प्रकरणे इतकी वर जात नाहीत. थोरलीने भाताचे बी आणि भिंती ठेवाव्या, धाकटीने रांजण न्यावा, असा काही तरी तोडगा निघतो. मात्र जोहोरच्या दहाव्या मजल्यावरील खोलीत तो रांजण ठेवावयाचा कुठे, म्हणून पुष्कळदा तोही थोरलीकडेच राहतो, धाकटीच्या नावाने.